आजीचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे?

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : कुटुंबाच्या सरकारी व्याख्येबाबत.

सप्रेम नमस्कार.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी हिवाळ्यात काही दिवस राज्याचे शासन आमच्या गावी मुक्कामाला येते. सिव्हिल लाइन्समधल्या भिंतींना रंग लागतो, आमदार निवासातले नळ दुरुस्त होतात, आणि यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांच्या कठड्यांपाशी येऊन थांबतात. त्या कठड्यांपर्यंत चालत येण्याचे माझे वय राहिलेले नाही आणि माझ्या मागणीमागे कोणतीही संघटना नाही, म्हणून हे पत्र.

माझे वय ७१. जन्म नागपूरच्या महाल भागातला, नोकरी लेखा शाखेतली, तीही ३३ वर्षे. वडिलांनी जनसंघाच्या दिव्यावर शिक्का मारला, आणि मतदार झाल्यापासून मीही त्याच विचाराच्या बाजूने मत देत आलो. विवाह हा संस्कार आहे असे मी मानतो. राज्यघटनेच्या ४४ व्या अनुच्छेदातला समान नागरी कायदा व्हावा, असे मला वाटते. म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी आधी मुलांची, मग भाऊबंदांची आणि सगळ्यांत शेवटी सरकारची, हा क्रमही मला मान्य आहे. तेव्हा हे पत्र विरोधकाचे समजू नये. घरातल्याच माणसाने ओसरीवर बसून केलेली ही तक्रार आहे, आणि अशी तक्रार परक्याच्या टीकेपेक्षा जास्त झोंबते, याची मला कल्पना आहे.

जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आमच्या वस्तीतल्या पंधरा-वीस बायकांचे अर्ज मी भरून दिले. जन्मभर रकाने भरण्यात गेल्यामुळे त्या कामाचा मला कंटाळा येत नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई समोर बसल्या होत्या. हाताचे पीठ नीट धुतलेले नव्हते आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकवर त्यांच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला होता. मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या, आणि सगळे संपल्यावर त्यांनीच मला विचारले, ‘काकाजी, माह्या सासूचं नाव कुठं येते यात?’ सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, म्हणजे ६५ वर्षांच्या वयोमर्यादेबाहेरच्या, हे बाईंनाही ठाऊक होते. त्यांना सासूसाठी पैसे मागायचे नव्हते. घरात कोण कोण आहे हे सरकार विचारत असेल तर घरात सासू आहे, एवढेच त्यांना कळवायचे होते. या योजनेसाठी शासनाने केलेल्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. मी म्हटले, ‘त्या यात येत नाहीत.’ बाई हसल्या. ‘असं कसं? घर त त्याईच्याच नावानं आहे.’

त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

या योजनेबद्दल माझे मत अर्धे बदलले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. सुरुवातीला मी तिला चारचौघांसारखे रेवडीच म्हणत होतो. पण महिन्याच्या १,५०० रुपयांतून बाईंनी मुलीची शिकवणी लावली, पासबुक गव्हाच्या डब्यात ठेवले आणि नवऱ्याला त्याचा पत्ता लागू दिला नाही, हे मी पाहिले आहे. बाईच्या हातात पैसा आला म्हणून घर मोडते, असे म्हणणाऱ्या परंपरावाद्याने स्वतःच्या आजीला नीट पाहिलेले नसावे. आमच्या वाड्यातल्या कोठीच्या किल्ल्या आजीच्याच कमरेला असत आणि आजोबांना तपकिरीसाठीही तिच्याकडे हात पसरावा लागे. माझा आक्षेप रकमेला नाही, नावाला आहे. सरकारने योजनेला ‘लाडकी बहीण’ म्हटले, दुसरीला ‘लेक लाडकी’ म्हटले. नात्याचे नाव उसने घेतले की त्या नात्याचा गोतावळाही पदरी घ्यावा लागतो. भाऊ ओवाळणी घालायला बहिणीच्या सासरी जातो तेव्हा तिच्या सासूला वाकून नमस्कार केल्याशिवाय पाटावर बसत नाही. आपला भाऊ मात्र थेट खात्यात पैसे टाकतो आणि सासू त्याच्या हिशेबातच नसते.

माझ्या घरची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण कुटुंब मोडले ते पाश्चात्त्य विचारांमुळे, असे आमच्या बाजूचे वक्ते नेहमी सांगतात आणि मला ते पटेनासे झाले आहे.

महालातल्या वाड्यात वडील आणि त्यांचे तीन भाऊ असे एका चुलीवर राहत. रोजच्या पंक्तीला बावीस माणसे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसत तेव्हा हा आकडा साठावर जाई. सोळा भाज्यांचा ढीग काकू मंडळी मध्यरात्रीपर्यंत चिरत बसत, आंबील ढवळायला दोघी लागत आणि वर बांधलेल्या फुलोऱ्यातली करंजी विसर्जनाआधी कोणी पळवली यावर आम्हा पोरांत दरवर्षी भांडण होई. १९९६ साली वाडा विकला. कोणी कोणाशी भांडले नव्हते. एका काकांची बदली झाली, दुसऱ्यांचा मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात लागला आणि त्याला तिकडेच घर सोयीचे पडले, आम्हाला दोन खोल्यांत तीन मुले आणि आजारी आई जमेना. हे सगळे जमिनीचे भाव, बदल्या आणि पगार यांनी केले. कोणत्याही परदेशी विचारवंताचे पुस्तक आमच्या वाड्यात आलेले नव्हते.

महालक्ष्म्या थोरल्या घरी, म्हणजे माझ्याकडे आल्या. पितळी मुखवटे, दोन्ही बाळे, मोत्यांच्या नथी हे सगळे आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तांब्याच्या डब्यात असते. रीतीप्रमाणे ते सासूकडून सुनेकडे जायचे. माझा मुलगा आणि सून पुण्याला हिंजवडीत आहेत. दोघेही चांगली आहेत, दोघांनाही आमची काळजी आहे, आणि दोघांनाही भाद्रपदात सलग तीन दिवस रजा मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. मुलगा रातोरात आला, आठ दिवस राहिला, आणि रजा संपल्यावर स्टेशनवर माझ्याकडे न बघता डब्यात चढला. पुढचे चार महिने माझी मुलगी मनीषनगरहून रोज स्कूटरवर येत राहिली. आईचे अंग पुसणे, वॉकर धरून दहा पावले चालवणे, मग ऑफिस, मग पुन्हा इकडे. तिची अर्जित रजा संपली, मग बिनपगारी झाली. मुलांसाठीची रजा तिच्या नियमांत होती, आईसाठीची नव्हती.

त्या वर्षी महालक्ष्म्या बसतील की नाही, अशी वेळ आली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही काहून एवढा विचार करून राहिले? डबा मला द्या. मी बसवते माझ्या घरी.’ माझ्या तोंडून पहिल्यांदा नाहीच निघाले. दुसऱ्या घराण्यात गेलेली मुलगी, तिच्या सासरचे कुलाचार वेगळे, जावयांना काय वाटेल, असे सगळे मी बोलून दाखवले. जावई शांतपणे म्हणाले, ‘आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो, त्यानंतर मखर रिकामेच आहे.’ तेव्हापासून महालक्ष्म्या मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावर बसतात. पहिल्या वर्षी मुखवट्यांवर पदर चढवताना पत्नीचे हात थरथरत होते. ते खुब्यामुळे की आणखी कशामुळे, हे मी विचारले नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मजात हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि केंद्राने २००५ साली. १९९४ मध्ये माझ्यासारख्यांनी नाके मुरडली होती, घराघरांत भावाबहिणींत कज्जे लागतील असे भाकीत केले होते. काही घरांत लागलेही. पण माझ्या घरात तो कायदा तीस वर्षे आधी आला आणि देव नंतर गेले, हा क्रम पाहून मला आता जरा संकोच वाटतो.

एवढे सांगण्याचे कारण असे की, मी ज्याला कुटुंब म्हणतो ते या काळात आकार बदलून का होईना, तग धरून आहे. आपल्या कागदावरचे कुटुंब मात्र माझ्या घरापेक्षा फार लहान आहे, आणि ते लहान करणाऱ्यांत माझ्या मताने निवडून आलेली माणसेही आहेत.

दोन अपत्यांचा नियमच घ्या. १ डिसेंबर २०२४ रोजी याच शहरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये, २.१ च्या खाली जाऊ नये आणि म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन अपत्ये असावीत, असे सांगितले. त्यावर वाहिन्यांनी रात्रभर काथ्याकूट केला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला आहे, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनातही ‘कुटुंब प्रबोधन’ आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र जेवावे या त्यातल्या सांगण्यावर माझा विश्वास आहे. पण संघ कायदे करत नाही. ते आपण करता. आणि आपल्या कायद्यानुसार १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या माणसाला ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत कोणतीही निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी, त्या वर्षीच्या २८ मार्चनंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये झालेल्यांना राज्य शासनाच्या नोकरीचे दार बंद केले, आणि तिथेही कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले.

काटोल तालुक्यात माझ्या मावसभावाची सून आहे. दोन मुलींवर मुलगा झालेली, बारावी शिकलेली, बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी. गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले तेव्हा सगळ्या गावाने तिचेच नाव घेतले आणि मग कोणीतरी तिची पोरे मोजली. ज्या सासूने मुलगा हवा म्हणून तिसऱ्यांदा तिच्या मागे लकडा लावला होता, तीच सासू पुढे उमेदवार झाली, कारण तिची चारही मुले २००१ च्या आधीची. त्या सासूच्या सह्यांचे कागद आजही सूनच तयार करते. शिक्षा कोणाला झाली, हे आपणच ठरवावे. यातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, हा नियम सरपंचाला लागू आहे, नगरसेवकाला लागू आहे, शिपायाच्या नोकरीलाही लागू आहे. आमदाराला लागू नाही. आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांसाठीची ही अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. आपण तीन अपत्यांच्या आवाहनाला टाळ्या वाजवायच्या आणि तिसऱ्या अपत्याबद्दल आईला अपात्र ठरवणारे कलमही ठेवायचे, हे एकाच तोंडाने कसे होते? नियम योग्य वाटत असेल तर तो आधी स्वतःला लावून घ्यावा. नसेल तर या सभागृहात एक विधेयक पुरेसे आहे.

आता म्हाताऱ्यांविषयी. माझ्या माहितीतल्या एका विधुर गृहस्थांनी राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिले. राहत्या घराचे असे बक्षीसपत्र मुलाला करून देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये ठेवून आपण देण्याची वाट सोपी केली आहे, आणि ते चांगलेच आहे. वर्षभरात गृहस्थांची खाट हॉलमधून गॅलरीत आली. त्यांनी २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली अर्ज केला. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत लावावा आणि फार तर ३० दिवसांची एक मुदतवाढ घ्यावी, असे कायदा म्हणतो. त्यांना पहिली प्रत्यक्ष सुनावणी मिळायलाच सात महिने लागले, कारण ज्या अधिकाऱ्यापुढे हे अर्ज चालतात त्याच्याकडे निवडणूक, पूर, पंचनामे आणि मंत्र्यांचे दौरे अशी इतर पंचवीस कामे असतात. कोणत्या ठिकाणचे हे न्यायाधिकरण, ते लिहीत नाही, कारण तो दोष त्या एका खुर्चीचा नाही. मग प्रश्न निघाला तो २३ व्या कलमाचा. घर परत मिळण्यासाठी, सांभाळण्याच्या अटीवर ते दिले होते असे दिसावे लागते, आणि बक्षीसपत्रात तसे एक वाक्यही नव्हते. बाप मुलाला घर देताना अशी अट लिहितो का? लिहिली तर चारचौघांत मुलाचा अपमान केल्यासारखे होते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात हा कायदा उदारपणे वाचला पाहिजे असे सांगून बक्षीसपत्र रद्द केले, त्याची बातमी त्या गृहस्थांनी कापून खिशात ठेवली आहे.

यात आपल्या हाती काही नाही असे म्हणू नका. ज्येष्ठ नागरिकाने मुलांना केलेल्या प्रत्येक बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट छापील असावी आणि नको असेल तर देणाऱ्यानेच ती खोडावी, एवढी तरतूद झाली तरी बापाला ते वाक्य स्वतःच्या तोंडून उच्चारावे लागणार नाही. अर्ज ऐकण्यासाठी आठवड्याचा एक वार राखून ठेवता येतो. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये २००७ साली केंद्राच्या कायद्याने घातली आणि ती अजून तिथेच आहे. ती काढणारे आणि सून-जावयांनाही जबाबदार धरणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते, मंजूर न होताच ते लोकसभेबरोबर संपले. ते पुन्हा आणा, असा ठराव करून दिल्लीला पाठवायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. आसामने २०१७ साली आईबापांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून थेट कपात करण्याचा कायदा केला. मला तेवढा धाक आवडत नाही, घरात फार आत शिरलेले सरकार मला एकंदरीतच आवडत नाही. पण बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा देणाऱ्या शासनाने आईबापांच्या आजारपणासाठी तीस दिवस दिले, तर त्याला कोणी घुसखोरी म्हणणार नाही.

जाता जाता एक आकडा. ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन’ योजनेत एका ज्येष्ठ नागरिकाच्या यात्रेवर ३०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी शासनाने दाखवली आणि ‘मुख्यमंत्री वयोश्री’ योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोडची खुर्ची यांसाठी एकदाच ३,००० रुपये. मी दर एकादशीला उपास करणारा माणूस आहे, यात्रेला माझा विरोध असण्याचे कारण नाही. तरी ज्या बाईला न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही तिला रामेश्वर दाखवायला दहापट पैसे, हा हिशेब लेखा शाखेत मी कोणाचा मंजूर केला नसता.

लग्नावाचून एकत्र राहण्याचा प्रश्न आमच्या मंडळींना फार छळतो. माझ्या पुतणीची मुलगी पुण्यात तशी राहते. मला ते आवडत नाही आणि तिला ते माहीत आहे. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आणि अशा संबंधांची नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला. पण त्या मुलीने दिवाळीत मला फोनवर विचारले, ‘आबा, माझं नाव रजिस्टरमध्ये लिहायला सरकार तयार आहे, मग माझ्या आजीचं नाव माझ्या विम्यात का बसत नाही?’ तिच्या कंपनीच्या विम्यात आईवडील येतात, आजी येत नाही, आणि त्या आजीला दर महिन्याला औषधाचे पैसे तीच पाठवते. जिच्या वागण्यावर मी टीका करतो तिच्या मनातले कुटुंब माझ्या सरकारच्या कुटुंबापेक्षा मोठे निघाले, ही गोष्ट मी कट्ट्यावर अजून सांगितलेली नाही.

शेवटी पुण्याचे. १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी ते पुणे वंदे भारत धावते आहे, समृद्धी महामार्गही मुंबईच्या दारापर्यंत पोचला, आणि या दोन्हींबद्दल मी मनापासून आभार मानतो. मात्र दर रविवारी अजनी स्टेशनवर पाहावे, डब्यात चढणारी पोरे आणि फलाटावर उरणारे म्हातारे. इथल्याच मिहान या औद्योगिक प्रकल्पात माझ्या मुलाच्या शिक्षणाजोगे, त्याच्या पगाराच्या जवळपासचे काम असते तर तो बारा तासांच्या अंतरावर गेला नसता. विदर्भाचा अनुशेष हा पाण्याचा आणि रस्त्यांचा विषय म्हणून या सभागृहात दरवर्षी येतो. तो आमच्या घरातल्या रिकाम्या खाटांचाही विषय आहे, असे कोणी बोललेले मी ऐकले नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितले गेले आणि पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. पोळ्यांच्या बाई पुन्हा माझ्यासमोर बसल्या. या वेळी हात स्वच्छ धुतलेले होते आणि सोबत सासूबाईंना आणले होते, बहुधा मी पुन्हा नाही म्हटले तर त्यांनीच माझ्याशी बोलावे म्हणून. सासूबाईंनी घरपट्टीची पावती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने स्वतःचे नाव दाखवले. मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता. मी त्यांना सांगितले की मोठ्या साहेबांना पत्र लिहून विचारतो.

तेव्हा त्यांना काय सांगायचे, ते कळवावे.

आपला,
एक मतदार,
नागपूर